स्टीलच्या गोळीचा ड्रॅग गुणांक चार आला तेव्हा

फळ्यावर दोन आकडे होते: १.८९४ आणि ३.९. पहिला आकडा म्हणजे १६ मीटरवरून सोडलेल्या स्टीलच्या गोळीला खाली यायला लागलेले सेकंद. दुसरा, त्या वेळेवरून विद्यार्थ्यांच्या गटाने काढलेला गोळीचा ड्रॅग गुणांक, म्हणजे वस्तूचा आकार हवा किती अडवतो ते सांगणारा आकडा. आकडेमोड मी तपासली, ती चोख होती. गोळी पुन्हा पुन्हा टाकली तरी वेळ दोन-तीन मिलीसेकंदांच्या फरकाने तोच येत होता. मोजमाप स्थिर, गणित बरोबर आणि उत्तर मात्र अशक्य. प्रयोगशाळेत यापेक्षा शिकवण्याजोगा प्रसंग क्वचितच वाट्याला येतो.

अशक्य का, ते आधी सांगते. ड्रॅग गुणांक हा आकाराशी जोडलेला आकडा आहे. गुळगुळीत गोलासाठी, आपल्या हाताळण्यातल्या वेगांना, तो ०.४ ते ०.५ च्या दरम्यान राहतो. वाऱ्याला आडवी धरलेली सपाट तबकडी घेतली तर साधारण १.१ ते १.२. तोंड वाऱ्याकडे केलेली पोकळ अर्धगोल वाटी, म्हणजे हवा अडवण्यासाठी जवळजवळ सर्वांत वाईट आकार, तिचाही १.४ च्या आसपास असतो. गुळगुळीत गोळीचा ३.९ आला म्हणजे ती वाटीच्या अडीचपटीहून जास्त हवा अडवते असं म्हणावं लागेल. तेव्हा दोष हवेत नव्हता, आमच्या मांडणीत होता. प्रश्न एवढाच होता की कुठे.

मांडणी अशी. इमारतीच्या जिन्यामधली मोकळी जागा, वरच्या कठड्याला घट्ट आवळलेला लोखंडी बाहू, त्याच्या टोकाला विद्युतचुंबक. खाली वाळूच्या थरावर १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड. गोळी बेअरिंगची, व्यास २५ मिलिमीटर, वजन ६४ ग्रॅमच्या किंचित आत. बटण दाबलं की रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, चुंबकाचा प्रवाह तोडतो आणि गोळी सुटते. रिले ‘टक’ वाजतो, गोळी प्लायवर ‘ठक’ आदळते. चुंबकाशेजारी ठेवलेला माइक दोन्ही आवाज रेकॉर्ड करतो आणि संगणकावर ध्वनीचा आलेख मोठा करून त्या दोन शिखरांमधलं अंतर मोजायचं. स्टॉपवॉच आम्ही मुद्दामच बाद केलं होतं, कारण माणसाचा प्रतिसादाचा वेळच ०.२ सेकंदांच्या घरातला असतो आणि आम्ही शोधत होतो ती गोष्ट त्याच्या विसाव्या भागाएवढी होती.

सुरक्षेचं एकच वाक्य, पण ते वगळता येत नाही. ही गोळी खाली पोहोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला साडेसतरा मीटर असतो आणि ऊर्जा जवळजवळ १० ज्यूल. त्यामुळे प्रत्येक मजल्यावर दोरी बांधलेली, तळाशी एक जण शिट्टी घेऊन, आणि शिट्टी वाजल्याशिवाय वरच्याने बटणाला हात लावायचा नाही.

आता अपेक्षित काय होतं ते पाहू. हवा नसती तर १६ मीटरला लागले असते १.८०७ सेकंद. हवेमुळे होणारा उशीर लहान असतो तेव्हा त्याचं सूत्र फार सोपं होतं. हवेची घनता, ड्रॅग गुणांक आणि समोरून दिसणारं क्षेत्रफळ यांचा गुणाकार करून निम्मा घ्यायचा. त्याला उंचीने आणि हवेशिवायच्या वेळेने गुणायचं आणि वस्तुमानाच्या सहापटीने भागायचं. गुणांक ०.४५ धरला की या गोळीसाठी उत्तर येतं ०.०१० सेकंद. फक्त दहा मिलीसेकंद. म्हणजे गोळीने १.८१७ सेकंदांना आदळायला हवं होतं. ती आदळत होती १.८९४ ला. ७७ मिलीसेकंद कुठून तरी जास्तीचे आले होते आणि गटाने ते सगळे हवेच्या नावावर टाकले होते.

हा प्रयोग फसवतो तो इथेच. पडणाऱ्या वस्तूच्या वेळेत शिरणाऱ्या चुका बहुतेक वेळा वेळ वाढवतात. हवेचा रोधही वेळ वाढवतो. चुकीची आणि खऱ्या परिणामाची दिशा एकच असली की चूक ओळखू येत नाही. ती परिणामात मिसळून जाते. ‘हवेमुळे उशीर झाला’ हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की पुढे कुणी विचारत नाही.

गटातल्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग उंची चुकली असेल का?” प्रश्न योग्य होता, म्हणून त्याचा निकाल आधी लावला. १६ मीटरला एक सेंटिमीटरची चूक वेळेत जेमतेम अर्धा मिलीसेकंद आणते. ७७ मिलीसेकंदांसाठी उंची सव्वा मीटरहून जास्त चुकायला हवी. ओळंबा सोडून, पोलादी टेप ताणून, गोळीच्या तळापासून प्लायच्या पृष्ठभागापर्यंत मोजलेलं अंतर इतकं चुकत नाही. (टेप गोळीच्या तळाशी धरायचा, मध्याशी नव्हे, इथे साडेबारा मिलिमीटर फुकट जातात.) गुरुत्व त्वरणाचीही तीच गत. पृथ्वीवर ते विषुववृत्ताजवळ ९.७८ आणि ध्रुवांजवळ ९.८३ असतं. ९.८० ऐवजी ९.७८ घेतलं तर वेळ दोन मिलीसेकंदांनी बदलतो. दहा मिलीसेकंद मोजायचे असतील तर हे दोन महत्त्वाचे आहेत, पण आपला चोर तो नाही.

मग मी त्यांना १६ मीटर बाजूला ठेवायला सांगितलं आणि हीच गोळी, हाच चुंबक, हाच माइक घेऊन १ मीटर आणि ४ मीटरवरून सोडायला लावली. यामागचं कारण नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. उशिराची संभाव्य कारणं वेगवेगळी असली तरी उंची बदलली की ती एकसारखी बदलत नाहीत. चुंबक गोळी उशिरा सोडत असेल तर त्याला खाली किती खोल आहे याचा पत्ता नसतो. तो उशीर प्रत्येक उंचीला तेवढाच. आवाजाला वर यायला वेळ लागत असेल तर तो उंचीच्या सम प्रमाणात वाढेल. आणि हवेमुळे होणारा उशीर उंचीच्या दीडाव्या घाताने वाढतो, म्हणजे उंची चौपट केली की उशीर आठपट.

१ मीटरवरून आलेला वेळ होता ०.४८५ सेकंद. हवेशिवायचा हिशेब ०.४५२. उशीर ३३ मिलीसेकंद. एक मीटरमध्ये या गोळीला हवेमुळे होणारा उशीर एका मिलीसेकंदाचा सहावा भागही नाही. आवाजाला एक मीटर यायला तीन मिलीसेकंद लागतात. उरले ते ३०, आणि ते सोडण्याच्या क्षणीच गेलेले होते. ४ मीटरला वेळ आला ०.९४७, उशीर ४३. त्यातले ३० तेच, आवाजाचे १२, हवेचा जेमतेम एक. १६ मीटरला एकूण उशीर ८७: चुंबकाचे ३०, आवाजाचे ४७, हवेचे १०. तीन उंच्या, तीन कारणं, आणि बेरीज मिलीसेकंदापर्यंत जुळली. फळ्यावर हे मांडून झाल्यावर गटाने आपणहून ३.९ पुसायला डस्टर उचललं. मी तो आकडा राहू द्यायला सांगितलं, कारण त्याच्यामुळेच शोध सुरू झाला होता.

पण बेरीज जुळली म्हणजे सिद्ध झालं असं नाही. प्रत्येक कारण वेगळं पकडून दाखवायला हवं. चुंबकासाठी मोबाइलचा कॅमेरा वापरला, सेकंदाला २४० फ्रेमवर. रिलेच्या जोडीने एक एलईडी लावला, प्रवाह तुटला की तो विझतो. कॅमेरा चुंबकाच्या समपातळीत, गोळी, एलईडी आणि मागे उभी मोजपट्टी एकाच चौकटीत. इथे एक मोह टाळायचा: ‘गोळी हलायला लागली ती फ्रेम’ डोळ्याने शोधू नका. सुरुवातीचा पहिला मिलिमीटर कापायलाच गोळीला १४ मिलीसेकंद लागतात, म्हणजे तीन फ्रेम होऊन जातात तरी डोळ्याला ती जागीच दिसते. त्यापेक्षा ती ५ सेंटिमीटरची रेघ कोणत्या फ्रेमला ओलांडते ते पाहायचं. स्थिर अवस्थेतून ५ सेंटिमीटर पडायला १०१ मिलीसेकंद लागतात, हा आकडा पक्का आहे. आमच्या चित्रफितीत एलईडी विझल्यापासून रेघ ओलांडेपर्यंत ३१ ते ३२ फ्रेम गेल्या, म्हणजे सुमारे १३१ मिलीसेकंद. वजाबाकी ३०. एलईडी विझलेला, प्रवाह तुटलेला, आणि गोळी त्यानंतरही ३० मिलीसेकंद चुंबकाला लटकून आहे, हे फ्रेम पुढे सरकवत पाहताना सगळे गप्प झाले होते.

ती का लटकते? दोन कारणं. चुंबकाच्या वेटोळ्याला समांतर डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावलेला असतो, रिलेचे संपर्क ठिणगीने जळू नयेत म्हणून. प्रवाह तोडला की वेटोळ्यातली ऊर्जा त्या डायोडमधून फिरत राहते आणि प्रवाह एकदम शून्य न होता हळूहळू उतरतो. दुसरं म्हणजे गाभ्यात आणि गोळीत उरणारं अवशिष्ट चुंबकत्व. बेअरिंगचं पोलाद कडक असतं, ते चुंबकत्व नरम लोखंडापेक्षा जास्त धरून ठेवतं. त्यात गोळी गाभ्याला थेट टेकलेली असेल तर मध्ये हवेची फटही नाही, म्हणजे पकड आणखी घट्ट.

उपाय सगळे स्वस्त आहेत. गाभ्याच्या टोकाला कागदी टेपचे दोन थर चिकटवायचे. प्रवाह गोळी जेमतेम धरून राहील तिथपर्यंत कमी करायचा आणि त्यावर थोडीच वाढ ठेवायची. पूर्ण १२ व्होल्ट देण्याची गरजच नसते. डायोडच्या ओळीत एक रोधक घालायचा, म्हणजे प्रवाह लवकर उतरतो. रोधक फार मोठा घातला तर तोडण्याच्या क्षणीचा व्होल्टेज-झटका वाढतो आणि रिलेचे संपर्क सोसत नाहीत, म्हणून वेटोळ्याच्या रोधाच्या दोन-तीन पटीत थांबावं. एवढं केल्यावर आमचा उशीर ८ मिलीसेकंदांवर आला. आणि सर्वांत खात्रीची चाचणी म्हणजे प्रवाह बदलून पाहणे: धरून ठेवणारा प्रवाह बदलल्यावर जो उशीर बदलतो तो हवेचा असूच शकत नाही.

काहींना वाटतं की हे सगळं टाळून चुंबकाखाली प्रकाशद्वार बसवावं आणि गोळीने किरण तोडला की घड्याळ सुरू करावं. यात चूक उलट्या बाजूला जाते आणि ती जास्त मोठी असते. किरण गोळीच्या तळापासून २ सेंटिमीटर खाली असेल तर ६४ मिलीसेकंद आधीच निघून गेलेले असतात. २ मिलिमीटरवर आणला तरी २०. सुरुवातीला गोळी सर्वांत सावकाश असते, म्हणून सुरुवातीच्या एका मिलिमीटरची किंमत शेवटच्या मिलिमीटरच्या शेकडो पट आहे. गोळीनेच विजेचा मंडल पूर्ण करायचा आणि ती सुटल्याक्षणी तो तुटायचा, ही पद्धत सर्वांत चांगली. पण तिथेही पितळेची लवचीक पट्टी गोळीच्या मागोमाग ०.२ मिलिमीटर खाली आली तर सहा मिलीसेकंद गेले. पट्टीखाली अडसर-स्क्रू हवाच.

आवाजाचा उशीर काढणं त्यामानाने सोपं. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, १६ मीटरला ४७ मिलीसेकंद. वजा करून टाकता येतात, पण तापमान बदललं की वेग बदलतो, म्हणून मला तो उशीर मांडणीतूनच हटवणं पसंत आहे. दोन माइक घ्यायचे, एक रिलेला चिकटवलेला, दुसरा प्लायच्या खाली, दोन्ही लांब तारांनी एकाच रेकॉर्डरच्या डाव्या-उजव्या वाहिनीला. तारेतून संकेत जायला लागणारा वेळ इथे शून्यच. दोन वेगळे मोबाइल वापरून हे जमत नाही, त्यांची घड्याळं वेगळी असतात. आणि ब्लूटूथ माइक तर वापरूच नये, त्याचा स्वतःचा उशीर शोधलेल्या परिणामाच्या कितीतरी पट असतो. एकच माइक असेल तर तो बरोबर मध्यावर, ८ मीटरवर टांगावा. वरची ‘टक’ आणि खालची ‘ठक’ दोन्ही त्याच्याकडे सारख्याच उशिराने पोहोचतात आणि वजाबाकीत उशीर कटतो, तापमान काहीही असो.

सोडण्याच्या यंत्रणेचा हा त्रास तीनशे वर्षं जुना आहे. १७१० च्या जूनमध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये २२० फुटांवरून काचेचे गोळे सोडले गेले, काही पाऱ्याने भरलेले, काहींत नुसती हवा. न्यूटनने ते निकाल आपल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत दिले आहेत. गोळे एका लाकडी फळीवर ठेवलेले, फळी एका बाजूने बिजागरीवर, दुसऱ्या बाजूने खुंटीवर; खुंटी ओढली की फळी खाली झुकायची आणि त्याच क्षणी सेकंदाचा लंबक सुटायचा. पाऱ्याच्या गोळ्यांना चार सेकंद लागले. हिशेबाने २२० फुटांना ३.७ सेकंद हवे होते. न्यूटनने हा फरक हवेवर ढकलला नाही. फळी हवी तेवढ्या झटकन फिरली नाही आणि तिने सुरुवातीलाच गोळ्यांना अडवलं, असं त्याने लिहिलं आणि सगळ्या वेळांमधून सेकंदाचे तीन दशांश वजा केले. आमच्या चुंबकाचे तीस मिलीसेकंद आणि त्याच्या फळीचे तीनशे ही एकाच जातीची चूक. त्याने ती जड गोळ्यावरून पकडली, कारण जड गोळ्याला हवा जवळजवळ अडवतच नाही. तिथे जो जास्तीचा वेळ दिसतो तो मांडणीचा. मग तीच वजाबाकी हलक्या गोळ्यांना लावली. जड गोळी हवा मोजण्यासाठी नसतेच, ती घड्याळ तपासण्यासाठी असते, हे मला त्या दिवशी मुलांपर्यंत पोहोचवायचं होतं.

दुरुस्त मांडणीवर बेअरिंगची गोळी पुन्हा सोडली. चुंबकाचे उरलेले ८ वजा करून वेळ १.८१५ ते १.८२० च्या दरम्यान. म्हणजे हवेचा उशीर ८ ते १३ मिलीसेकंद. गुणांक काढला तर कधी ०.३६, कधी ०.५९. गट जरा हिरमुसला, एवढं करूनही आकडा पक्का होत नाही म्हणून. पण तो होणारच नव्हता. या गोळीचा सगळा परिणामच दहा मिलीसेकंदांचा, आणि घड्याळ दोन-चार मिलीसेकंदांनी मागेपुढे होणार. मोजायचं ते मोठं दिसेल अशी वस्तू घ्यावी लागते.

ती वस्तू म्हणजे टेबल टेनिसचा चेंडू. व्यास ४० मिलिमीटर, वजन २.७ ग्रॅम. याचा अंतिम वेग, म्हणजे हवेचा रोध वजनाइतका होऊन वेग वाढायचा थांबतो तो वेग, सेकंदाला सुमारे ८.८ मीटर आहे. स्टीलच्या गोळीचा ६९ च्या जवळपास येतो, तिथपर्यंत पोहोचायला तिला आमच्या जिन्याच्या कितीतरी पट उंची लागेल. दोन्ही एकाच क्षणी सोडले तर गोळी प्लायवर आदळते तेव्हा चेंडू अजून साडेपाच मीटर वर असतो.

चेंडूला चुंबक चालत नाही. लोखंडी चकती चिकटवायचा विचार सोडून द्या. वजन आणि तोल दोन्ही बिघडतात. बारीक नळीच्या टोकाला रबराची वाटी, नळीतून हवा ओढून चेंडू धरायचा आणि झडप उघडून सोडायचा. झडपेचा उशीर चुंबकापेक्षा लहरी असतो, दर वेळी वेगळा. म्हणून इथे प्रत्येक वेळी कॅमेरा आणि ५ सेंटिमीटरची रेघ. चेंडू वाटीतून एका कडेने आधी सुटला तर फिरत पडतो आणि फिरणारा चेंडू बाजूला सरकतो. आमचे काही कठड्याला घासून गेले, ते सरळ बाद केले.

पहिले वेळ २.४९ ते २.५० सेकंद आले. हिशेबापेक्षा तीस-चाळीस मिलीसेकंद जास्त. या वेळी चुंबक नव्हता, आवाजही नव्हता. शंका जिन्यातल्या हवेवर गेली. उंच, अरुंद, वर-खाली दारं असलेल्या जागेत उबदार हवा सावकाश वर चढत असते, अंगाला जाणवतही नाही. ती मोजण्यासाठी कागदाचा शंकू हे उत्तम साधन आहे. २० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ कापायचं, चतुर्थांश तुकडा काढून उरलेल्याचा शंकू चिकटवायचा, टोक खाली करून सोडायचा. साध्या छपाईच्या कागदाचा असा शंकू पावणेदोन ग्रॅमचा होतो आणि सेकंदाला साधारण दीड मीटर अशा संथ, सरळ गतीने उतरतो. बंद दालनात आमच्या शंकूचा वेग १.४ होता, जिन्यात १.२. फरक ०.२, तोच वर चढणाऱ्या हवेचा वेग. चेंडूसाठी एवढ्या झुळुकीचा हिशेब केला तर ३५ मिलीसेकंद उशीर निघतो. वरचं आणि खालचं दार बंद करून अर्धा तास थांबलो, शंकू पुन्हा १.४ वर आला आणि चेंडूचा वेळ २.४६ वर स्थिरावला.

शंकूंचा एक गुण जाता जाता सांगण्यासारखा आहे. एकात एक चार शंकू बसवले तर आकार तोच राहतो, वजन चौपट होतं आणि अंतिम वेग चौपट नव्हे, दुप्पट होतो. म्हणून एक शंकू २ मीटरवरून आणि चारांची चवड ४ मीटरवरून एकदम सोडली तर जमिनीला जवळजवळ एकत्र टेकतात. रोध वेगाच्या वर्गाने वाढतो हे दाखवायला यापेक्षा स्वच्छ प्रयोग मला माहीत नाही. आणि त्याच कागदाचा दुप्पट मोठा शंकू केला तर तो त्याच वेगाने पडतो, कारण वजन आणि क्षेत्रफळ बरोबरीने वाढतात.

२.४६ वरून गुणांक काढताना आणखी एक गोष्ट गटाने वगळली होती. चेंडू जेवढी हवा बाजूला सारतो तिचं वजन ०.०४ ग्रॅम. स्टीलसाठी हे विसरता येतं, २.७ ग्रॅमसाठी ते दीड टक्का आहे. हवा चेंडूला तेवढ्या वजनाने वर उचलते; हे प्लावक बल वजनातून वजा करायचं. शिवाय वेग घेताना चेंडू आजूबाजूची थोडी हवाही सोबत ढकलत नेतो, गोलासाठी ती बाजूला सारलेल्या हवेच्या निम्मी धरतात. दोन्ही मिळून वेळेत २०-२५ मिलीसेकंदांचा फरक पाडतात. ते न धरता गुणांक ०.४७ येतो, धरून ०.४५. आणि इथे वेळेत दहा मिलीसेकंदांची चूक झाली तरी गुणांक दीड-दोन टक्केच हलतो. स्टीलच्या गोळीत तेवढ्याच चुकीने तो दुप्पट होतो किंवा शून्यावर जातो.

शेवटी तिसरा गोळा, माझ्या मते या प्रयोगाचा गाभा. तोच टेबल टेनिसचा चेंडू, पण पाण्याने भरलेला. तापवलेल्या सुईने शेजारी शेजारी दोन छिद्रं पाडायची, एकातून सिरिंजने पाणी, दुसऱ्यातून हवा बाहेर. चेंडू पाण्यात बुडवून, छिद्रं वर ठेवून भरला तर बुडबुडा राहत नाही. बाहेरून कोरडा करून इपॉक्सीचा पातळ ठिपका. वजन ३४ ग्रॅम यायला हवं. कमी आलं तर आत हवा आहे आणि तो पडताना डुलणार. मेण भरू नये, थिजताना आकसतं आणि पोकळी सोडतं.

बाहेरून दोन्ही चेंडू सारखे: तोच व्यास, तोच पृष्ठभाग, तीच शिवण. फरक फक्त वजनात, साडेबारा पटींचा. पोकळ चेंडूवरून मिळालेला ०.४५ घेऊन भरलेल्याचा वेळ गटाने आधी लिहून ठेवला: १.८५७. मग सोडला. आदळून तो फुटतो, म्हणून असे बरेच भरून ठेवावे लागतात. मोजलेले वेळ १.८५ ते १.८६ च्या दरम्यान आले.

वहीत तीन ओळी झाल्या. पोकळ चेंडू, २.४६ सेकंद, गुणांक ०.४५. भरलेला चेंडू, वरच्या गुणांकाने वर्तवलेल्या वेळेशी मोजलेला वेळ जुळला. स्टीलच्या गोळीपुढे गुणांकाचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला आणि शेरा लिहिला: हवेमुळे उशीर सुमारे १० मिलीसेकंद, मोजण्याच्या मर्यादेजवळ, घड्याळ आणि चुंबकाची तपासणी करण्यासाठी वापरावी.